आप्पांची कुजबुज

"इंदेऽऽ! जेवलीस काय?"

आयसीयूच्या दारातून आप्पांनी ही हाक मारली आणि आतली दोन-तीन यंत्रं एकदम केकाटायला लागली. कोपऱ्यातल्या खाटेवर एक गृहस्थ होते, मानेचं ऑपरेशन झालेले. त्यांना मान अजिबात हलवायची नाही म्हणून बजावलेलं होतं. त्यांनी मान वळवून बघितलं. आईनं मात्र डोळे उघडले नाहीत. तिला झोपेचं औषध दिलेलं होतं आणि गळ्याला भोक पाडून त्यातून श्वासाची नळी घातलेली होती. म्हणजे जेवणाचा प्रश्न तसाही नव्हता.

गवळी सिस्टर धावतच आल्या. त्या आयसीयूच्या मुख्य. बांधा किरकोळ, पण डॉक्टरसुद्धा त्यांच्या वाटेत उभे राहायचे नाहीत.

"काका, हळू बोला!"

"जरा मोठ्यानं सांगा, मला ऐकायला कमी येतंय," आप्पा म्हणाले. हे खाली रिक्षा स्टँडवरही कळलं असणार.

"यांना बाहेर न्या," सिस्टर मला म्हणाल्या. "आणि पुन्हा आणू नका."

मी आप्पांना दंडाला धरून बाहेर आणलं. जाताजाता त्यांनी मान वळवून आईला सांगितलं, "इंदे, मी हितंच हाय गं!" दार लागलं. आत पुन्हा काहीतरी केकाटलं.

आप्पांचा तरी काय दोष? इचलकरंजीत चार यंत्रमागांच्या मधे उभं राहून ज्यानं आयुष्य काढलं, त्याचे कान माणसांच्या उपयोगाचे उरत नाहीत. आमच्या गल्लीत दोन्ही अंगांना मागच होते. दिवसरात्र खटाक-खटाक. पाहुणे आले की आवाजानं त्यांना झोप लागायची नाही आणि वीज गेली की आम्हाला. माग बंद पडले की सगळी गल्ली दचकून उठून बसायची. पोरं रडायला लागायची, म्हातारी माणसं 'काय झालं, काय झालं' करत दारात यायची. वीज आली, खडखडाट सुरू झाला, की सगळे निवांत होऊन कूस बदलायचे.

अशा गावात राहून मी एएसएमआरचं चॅनेल चालवायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माईकपाशी तोंड नेऊन कुजबुजायचं, नखानं लाकडावर टकटक करायचं, ब्रश हळूहळू फिरवायचा. ऐकणाऱ्याच्या टाळूपासून मानेपर्यंत एक गोड शिरशिरी उतरते आणि त्याला झोप लागते. बस, एवढंच. मागांना सुट्टी असेल त्या दिवशी मी डोक्यावरून गोधडी घेऊन रेकॉर्डिंग करायचो. बीएस्सी झालेला मुलगा भर दुपारी गोधडीत शिरून कुजबुजतो, हे शेजाऱ्यांना समजावून सांगण्यात माझी बरीच शक्ती खर्च व्हायची. चॅनेलचं नाव 'कुजबुज'. ऐकणारे अगदी थोडे. त्यात एक माझा मावसभाऊ आणि एक ब्राझीलचा माणूस. तो प्रत्येक व्हिडिओखाली झोपलेल्या चेहऱ्याचं चित्र टाकायचा. मी मराठीत हळू आवाजात लाइटबिलाबद्दल बोललो तरी तो झोपायचा.

मला स्वतःला मात्र ती शिरशिरी येत नव्हती. लहानपणी यायची. आई घरी मेंडिंगचं काम करायची. मागावरून उतरलेलं कापड मांडीवर घेऊन त्यावर तळवा फिरवायचा, कुठं गाठ लागली की बारीक कात्रीनं उडवायची. तळव्याची सरसर, मग कच्. सरसर, मग कच्. मी शेजारी पालथा पडून ऐकायचो आणि मानेत काहीतरी गोडसं वितळायचं. मोठेपणी ते गेलं ते गेलंच. मी म्हणजे जिभेला चव नसलेला हलवाई होतो.

लग्नाआधी आई आप्पांच्याच शेडमधे मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. ती कोपऱ्यात, आप्पा मागांमधे. तिथं तोंडानं बोलून काही उपयोग नसतो, म्हणून सगळे ओठ वाचायला शिकतात. दोघांचं लग्न तिथंच ठरलं, एक अक्षरही आवाज न काढता. पण शेडमधल्या प्रत्येकाला ओठ वाचता येत असल्यामुळे ते गुपित काही राहिलं नाही. पुढं घरातसुद्धा ती दोघं तशीच बोलायची. भांडायचीही तशीच. मी जेवता जेवता बघायचो. आईचे ओठ हलतायत, आप्पांचे हलतायत, मधेच आप्पा ताट सारून उठतायत. आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं. मला कुणी ते शिकवलं नाही. विचारलं तर आई म्हणायची, "तुला काय करायचंय? ते आमचं आमचं हाय."

आईचा आजार सुरू झाला तोही शिरशिरीसारख्या मुंग्यांनीच.

"सुहास, तळपायाला मुंग्या आल्यात रं," ती म्हणाली.

"आई, जगात लोक त्याच्यासाठी कानाला हेडफोन लावून बसतात."

"मग त्यास्नी म्हणावं, माझ्या घेऊन जावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातून चहाची कपबशी सुटली. तिला मिरजेला आणलं. नसांचा आजार होता. पायांपासून वर चढत जातो, वाटेतलं सगळं लुळं करतो आणि छातीशी आला की श्वास थांबवतो. माणूस आतून पूर्ण जागा असतो. डॉ. पटवेगार म्हणाले, "हा उलट्या वाटेनं खालीही उतरतो. तोवर श्वासाचं काम मशीन करेल. आपण वाट बघायची."

आईचा चेहरा तेवढा वाचला होता. झोपेचं औषध कमी केलं तसे तिचे डोळे उघडले आणि ओठ हलायला लागले. गळ्यातल्या नळीमुळे आवाज फुटत नव्हता. पण ती सारखी काहीतरी सांगत होती आणि ते काय, हे तिथं कुणालाच कळत नव्हतं.

ज्याला कळलं असतं तो माणूस खाली वडाच्या पारावर बसून होता. त्याला आत यायला बंदी होती.

मी सिस्टरना म्हटलं, "मोबाइलवर तिच्या ओठांचा व्हिडिओ काढतो. खाली आप्पांना दाखवतो."

"मोबाइल आत चालत नाही."

"एकच मिनिट. मला रेकॉर्डिंगची सवय आहे. माझं चॅनेल आहे."

चूक झाली. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी आईच्या उशाशी नाचणार आहे.

मग मी दुसरा उपाय केला. संध्याकाळी भेटीच्या वेळी आत जायचं, आईचे ओठ नीट बघायचे, पाठ करायचे, खाली पळत यायचं आणि आप्पांसमोर ते तसेच करून दाखवायचे. आप्पा डोळे बारीक करून बघायचे.

"पुन्यांदा कर."

मी केलं.

"हे असं? 'गवळ्याची म्हस पाव्हण्याला दे'?"

"असं म्हणेल का ती?"

"ती न्हाई म्हणायची. तू म्हणालाईस. सुहास, तू ओठ हलवत न्हाईस, चघळालाईस."

श्वासाचं मशीन पहिल्यांदा काढून बघितलं, त्या दिवशी गवळी सिस्टरनी त्यांच्या परीनं एक बाराखडीचा तक्ता आणला. त्या अक्षरांवरून बोट फिरवायच्या, हव्या त्या अक्षराशी आईनं डोळे मिटायचे. आईनं 'म'वर डोळे मिटले. मग काना. पुढं तिला रडू आलं आणि प्रत्येकच अक्षराशी डोळे मिटायला लागले.

"मा... मावशी? माहेर?" सिस्टर विचारत होत्या. "मारुती?"

काहीतरी करायलाच हवं होतं, म्हणून मी जवळच्या मारुतीला नारळ फोडून आलो. आईला अंगारा लावला. ती माझ्याकडं बघत राहिली. त्या नजरेत इतकी निराशा होती की मी पुन्हा कधी मारुतीकडं मान वर करून बघितलं नाही.

मग एका सकाळी डॉ. पटवेगारांनी मला बाजूला बोलावलं. तरुण डॉक्टर, डोळ्यांखाली काळं, बोलणं मऊ.

"तुमच्या आईची फुप्फुसं आता तयार आहेत. ताकद परत आलीय. पण मशीन काढून बघितलं की त्या घाबरतात. श्वास उथळ होतो, नाडी पळते, ओठांनी तेच ते काहीतरी बोलत राहतात. मशीन परत लावावं लागतं. दोनदा झालं असं."

"मग?"

"मशीनवर जास्त दिवस राहणं बरं नाही. एकदा न्यूमोनिया झालाय, तो परत झाला तर त्यांचं शरीर झेलेल असं मला वाटत नाही. आज दुपारी पुन्हा प्रयत्न करतो. त्या नेमक्या कशाला घाबरतात तेवढं कळलं असतं तर..."

"आप्पांना कळेल. त्यांना आत सोडा."

डॉक्टरांनी गवळी सिस्टरकडं बघितलं. सिस्टरनी मानेच्या ऑपरेशनवाल्या गृहस्थांकडं बघितलं.

"एका अटीवर," त्या म्हणाल्या. "आवाज येता कामा नये. एक शब्द जरी ऐकू आला तरी बाहेर."

म्हणजे दुपारपर्यंत मला एका बहिऱ्या माणसाला कुजबुजायला शिकवायचं होतं. माझ्या आयुष्यातलं एकमेव कौशल्य कुणाच्या तरी कामाला येणार होतं. मी पळतच खाली गेलो.

वडाखाली क्लास सुरू झाला. मी आप्पांचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि मोठ्यानं बोललो. "बघा, आत थरथरतंय का?"

"थरथरतंय."

मग मी कुजबुजलो. "आता?"

"आता न्हाई."

"असं थरथर न होता बोलायचं. नुसता वारा सोडायचा. आता तुमचा हात तुमच्या गळ्यावर ठेवा आणि म्हणा, इंदे."

आप्पांनी गळ्यावर हात ठेवला, डोळे मिटले, छाती भरून घेतली.

"इंदे!!"

वडावरचे कावळे उडाले. पलीकडच्या चहाच्या गाड्यावरची एक बाई आमच्याकडं वळली. तिचंही नाव बहुधा तेच होतं.

"आप्पा, थरथरलं की नाही?"

"गच्च थरथरलं. माझा हात उडाला."

पुन्हा केलं. मग पुन्हा. कधी आवाज पार जायचा, त्याबरोबर श्वासही जायचा, आप्पा लालबुंद व्हायचे. कधी श्वास यायचा आणि पाठोपाठ आवाज गर्जत यायचा. चहावाला गिऱ्हाइकांना सांगत होता, "गळ्याचं पेशंट हाय." दुपार होत आली तसे आप्पा थकून पारावर बसले. मान खाली घातली.

"मला न्हाई जमायचं रं. आता तूच जा."

"मला वाचता येत नाही, आप्पा."

आप्पांनी एकदम वर बघितलं.

"तिचं डोळं आता उघडं असत्यात न्हवं?"

"हो."

"मग मी आवाज कशाला काढू? त्या दिवशी डोळं मिटलेलं होतं, म्हणून हाक मारली. शेडमधी कधी काढला होता आवाज?"

हे मला सकाळी सुचलं असतं, तर कावळे तरी वाचले असते. माझं एकमेव कौशल्य पुन्हा कुणाच्या कामाचं उरलं नाही.

आयसीयूच्या दाराशी गवळी सिस्टर हाताची घडी घालून उभ्या होत्या. "काका, जमेल ना?"

आप्पांनी त्यांच्याकडं बघून ओठ हलवले.

"काय म्हणाले?" सिस्टरनी मला विचारलं.

"काहीच ऐकू आलं नाही."

"जा आत," सिस्टर म्हणाल्या.

आईची खाट खिडकीशी होती. शेजारी श्वासाचं यंत्र चाललं होतं. फुस्स, खट. फुस्स, खट. आप्पा तिच्या पायांशी गेले, जिथून तिला त्यांचा चेहरा सरळ दिसेल. शेडमधे ती कोपऱ्यात बसायची आणि ते मागांमधे उभे असायचे, तेवढंच अंतर असणार.

आईनं त्यांना बघितलं. तिचे ओठ थरथरले. मग ती बोलायला लागली. आप्पांचे ओठही हलायला लागले. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. तिच्या कपाळावर आठी पडली, आप्पांनी कान पकडले. मधेच ते तोंडावर हात ठेवून खांदे हलवत हसले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते वाहत असतानाच ती त्यांना कशाबद्दल तरी रागवत होती. नंतर कळलं, घरच्या भांड्यातलं दही टाकून दिलंत का, असं विचारत होती. आप्पा दही विसरले होते.

मानेचे गृहस्थ बघत होते. एक नर्स सलाईन बदलायची थांबून बघत होती. कुठंच आवाज नव्हता. मी जन्मभर माईकपाशी तोंड नेऊन कुजबुजलो होतो, पण एवढं हळू बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं.

"सुरू करू या," डॉ. पटवेगार म्हणाले.

सिस्टरनी गळ्याची नळी यंत्रापासून सोडवली आणि त्या जागी ऑक्सिजनची नळी लावली. यंत्र बंद केलं. फुस्स-खट थांबलं.

आईचे डोळे मोठे झाले. ती यंत्राकडं बघायला लागली. छाती भराभर वरखाली व्हायला लागली. पडद्यावरचा नाडीचा आकडा चढायला लागला आणि तिचे ओठ तेच ते म्हणायला लागले, पुन्हा, पुन्हा, जे ती याआधी दोन्ही वेळा म्हणाली होती.

आप्पांनी वाचलं. त्यांनी यंत्राकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं. त्यांचं तोंड उघडलं, छाती भरून आली. सिस्टरनी हात वर केला. मी डोळे मिटले.

"माग थांबलाय म्हणतीया."

कुजबुज होती. थरथर नव्हती, नुसता वारा. सकाळभर जी जमली नव्हती ती. माझ्या टाळूवरून एक शिरशिरी निघाली, मानेतून उतरली आणि पाठीवर पसरत गेली. इतक्या वर्षांनी. मी खाटेची कड घट्ट धरून उभा राहिलो.

"काय थांबलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"माग," मी म्हणालो. "माग थांबला की कुठंतरी धागा तुटलेला असतो, डॉक्टर. तिला वाटतंय, ती तुटलीय."

डॉक्टरांनी यंत्राकडं बघितलं. "ते सुरू ठेवता येणार नाही, जोडल्याशिवाय. अलार्म वाजत राहतील."

आप्पांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ते खाटेच्या कडेनं पुढं आले होते. आईच्या कानापाशी खाटेचा लोखंडी दांडा होता. त्यावर त्यांनी तर्जनीचं नख टेकवलं.

टक-टक. टक-टक. टक-टक.

अगदी हळू. त्यांना स्वतःला तो आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. बोटातून हाताला जाणवत असेल तेवढंच. पण ठेका जराही हलला नाही. आईनं यंत्रावरची नजर काढून त्यांच्या बोटाकडं नेली. मग त्यांच्या चेहऱ्याकडं. आप्पांचे ओठ हलले. तिचे हलले नाहीत. ती ऐकत होती.

टक-टक. टक-टक.

छाती अजून भराभर हलत होती. मग जरा कमी. पडद्यावरचा आकडा एकदा वर गेला, अडखळला आणि उतरायला लागला. डॉक्टरांनी सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे कुणी हलू नका. गवळी सिस्टर त्या बोटाकडं बघत होत्या. अलार्म वाजला नाही. बाहेर कुठंतरी ट्रॉली खडखडत गेली. आतलं कुणी तिकडं बघितलं नाही.

ऊन खिडकीतून सरकून आईच्या पायांवर आलं, तरी आप्पा वाजवत होते. एक बोट दुखलं की दुसरं टेकवायचे, मधे ठोका चुकू न देता. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "आता यंत्राची गरज पडेल असं वाटत नाही." हे मी आप्पांना ओठ मोठे करून सांगितलं. त्यांना कळलं नाही. "चघळू नको," ते म्हणाले, तेही कुजबुजून, आणि वाजवत राहिले.

आई घरी आली. आधी वॉकर, मग भिंत धरून, मग तशीच चालायला लागली. कापडावर तळवा फिरवण्याइतके हात परत आले. बोटांतल्या थोड्या मुंग्या मात्र कायमच्या राहिल्या. मी पुढं नोकरीला लागलो आणि 'कुजबुज' बंद पडलं. ब्राझीलचा माणूस कसा झोपतो कुणास ठाऊक. आप्पा त्या दिवसानंतर पुन्हा कधी कुजबुजले नाहीत. घरी आल्या आल्या त्यांनी दारातूनच सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं, "आणली रेऽऽ इंदीला!"

पुढं बरीच वर्षं ते असेच ओरडत राहिले. आणि एका दुपारी जेवून उठता उठता गेले. आई समोर बसली होती. ते शेवटचं काही बोलले का, हे मी विचारलं नाही. ते त्यांचं त्यांचं होतं.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. नेमकी त्या दिवशी मागांना सुट्टी होती. सगळी गल्ली गप्प. घरात तर इतकं शांत मी कधी ऐकलंच नव्हतं, कारण आमच्या घरातला आवाज म्हणजे आप्पाच होते. आई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. आप्पांचं जेवायचं ताट मांडणीवर होतं, तिकडं बघत होती. मी तिच्यासाठी चहा आणला आणि थांबलो.

तिचे ओठ हलत होते. माझ्याशी नाही. आवाज न काढता.

मला ओठ वाचता येत नाहीत. अजूनही येत नाहीत. तेवढे दोन शब्द मात्र मी वाचले.

मी कप खाली ठेवला, जमिनीवर तिच्याशेजारी बसलो आणि खाटेच्या लोखंडी कडेवर नख टेकवलं. टक-टक. टक-टक. टक-टक.

आईनं मान वळवली नाही. तिनं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं, ते न उघडताच, मला ऐकू यावं म्हणून आवाज काढून म्हणाली,

"एवढं पळवू नको रं. त्यांचा माग असा पळायचा न्हाई."

मी हळू केलं.